डब्याचे दात शाबूत होते

एककानी मिस्त्रीच्या गॅरेजात शिरायचं म्हणजे आधी डोकं सांभाळायचं. कधी कुठून पाना उडत येईल याचा नेम नव्हता. मागच्या पत्र्याच्या भिंतीला पोचेच पोचे होते आणि त्यातला एकेक कुणाच्या तरी नावाचा होता. हा तेरा नंबरच्या जागी बारा नंबरचा पाना देणाऱ्याचा. तो थंड चहा आणणाऱ्याचा. डोक्याच्या उंचीवरचा मोठा पोचा खुद्द त्याच्या मेव्हण्याचा. मेव्हणा वेळेवर खाली वाकला म्हणून वाचला, नाहीतर मला पुढचं काही सांगायची वेळच आली नसती.

डावा कान गेलेला, म्हणून एककानी. तो कान त्याच्या उस्तादाने घेतला. उस्तादाची शिकवायची तऱ्हाच तशी. गाडीचा आवाज ऐकवायचा, कशाचा ते विचारायचं, आणि उत्तर चुकलं की हातात असेल ते हाणायचं. एकदा हातात चाकाचा पाना होता. मिस्त्री तेव्हा वीस वर्षांचा, अंगाने घोडा, पण पाना कानावर बसला तसा पोत्यासारखा खाली पडला. उठला तेव्हा डावीकडचं जग कायमचं मुकं झालं होतं. उस्ताद म्हणाला, "गाडी न चालवता उत्तर दिलंस. आता जन्मात देणार नाहीस."

आणि खरं सांगतो, पुढची वीस वर्षं त्याने तसं उत्तर दिलं नाही. एका कानाला आवाजाची दिशा कळत नाही. म्हणून मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ उजव्या कानाला लावायची आणि टोक एकेका हौसिंगवर, म्हणजे दातेरी चाकांच्या लोखंडी खोळीवर, टेकवत जायचं. गाडी निघताना एकच 'टक' झालं तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा. वेगाबरोबर घरघर वाढत गेली तर बेअरिंग. स्टेअरिंग पुरतं वळवल्यावर कटकट आली तर पुढच्या चाकाचा जॉइंट. पण हे सगळं मनात. आधी स्वतः गाडी चालवायची, कण्हते कुठे, कधी, कशावर ते बघायचं, मगच तोंड उघडायचं. लांबलांबून ट्रकवाले यायचे, शिव्या खायचे आणि काम करून घेऊन जायचे.

आता तो बायकोलाही मारायचा. कशाला झाकून ठेवायचं? उस्तादाने मार आणि विद्या एकाच हाताने दिली होती, आणि या बाबाने दोन्ही जपून ठेवली. एके दिवशी जेवताना काहीतरी फुटकळ कारण झालं आणि त्याने तिच्या तोंडात दिली. ती उठली, चपला घातल्या आणि सरळ धाकट्या भावाच्या घरी गेली. हाच तो मेव्हणा, दगडाच्या खाणीवर ट्रक चालवणारा. तो तासाभरात गॅरेजात आला, चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रीला बॉनेटवर उताणा पाडला आणि दोन ठोसे हाणले. ओठ फाटला. "दाजी, पुन्हा ताईला हात लावलात तर हा हात उपटून ठेवीन," म्हणाला आणि निघून गेला. भिंतीवरचा तो मोठा पोचा तेव्हाचा. मागच्या दाराने जाता जाता मेव्हणा वळला, तेव्हा फेकलेल्या पान्याचा.

तिसऱ्या दिवशी खाणीचा मालक त्याच मेव्हण्याला घेऊन दारात हजर. ट्रक फोर व्हीलचा होता.

फोर व्हील म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे अडाल. पुढची आणि मागची चाकं मधल्या एका दातेरी चाकांच्या डब्यातून ताकद घेतात. ड्रायव्हरजवळचा दांडा टाकला की दोन्ही एकमेकांना बांधली जातात. मागच्यांनी एक फेरा मारला की पुढच्यांनीही एकच मारायचा, ना कमी ना जास्त. चिखलात चाक घसरून जातं, चालून जातं. कडक जमिनीवर मात्र जरा कमीजास्त झालं की शाफ्टला पीळ बसतो, डबा कण्हायला लागतो, आणि दांडा काढला की सगळा पीळ एकदम सुटतो. कडाक्!

"चढावर कण्हते," मालक म्हणाला. "वर आल्यावर दांडा काढला की आत काहीतरी फुटल्यासारखं वाजतं. काय आहे, मिस्त्री?"

मिस्त्रीने स्टेअरिंगवर बसलेल्या मेव्हण्याकडे बघितलं. स्वतःचा फाटलेला ओठ अजून ठसठसत होता. गाडीला हात न लावता तो म्हणाला, "ड्रायव्हर दांडा टाकून डांबरावर पळवतो. डब्याचे दात खाल्लेत त्याने. दुसरं काय असणार?"

"दाजी, मी कधीच..."

"तू गप रे," मालक म्हणाला.

संपलं. वीस वर्षांत पहिल्यांदा एककानी मिस्त्री गाडी न चालवता बोलला, आणि बोलून त्याला बरं वाटलं. हे लक्षात ठेवा. चांगलं गार गार वाटलं त्याला.

खाणीचा मालक नुसती धमकी देऊन थांबणारा नव्हता. वजनकाट्याच्या खोलीत टेबल होतं. दोघांनी मेव्हण्याचा डावा हात त्यावर दाबून धरला आणि मालकाने टॉमी, म्हणजे जाड लोखंडी कांब, उचलली. एका बोटाला एक, अशी तीन बोटं. चौथ्याला तो थांबला, कारण टेबल मोडलं. दुसऱ्या दिवशी फळीचा तुकडा बांधलेला हात घेऊन मेव्हणा पुन्हा गाडीवर. त्या चढावर दुसरा ड्रायव्हर यायला तयार नव्हता आणि मालक याला सोडायला तयार नव्हता.

ट्रक दुरुस्तीला मिस्त्रीकडेच आला. त्याने डबा उतरवला, तेल ओतलं, झाकण काढलं, टॉर्च मारली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. दात शाबूत होते. एकेका दातावरून त्याने बोट फिरवलं, फडक्याने पुसून पुन्हा फिरवलं. एक टवका उडालेला नव्हता. बाहेरच्या नळावर जाऊन तो साबणाने हात धुवत बसला. धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

तेव्हाच बोलायला हवं होतं की नाही? पण बोलला नाही, हा वाघ. मालकाची टॉमी आठवली आणि वाघाची मांजर झाली. दोन बेअरिंगं जरा ढिली होती ती बदलली, डबा बंद केला, गाडी दिली. "झालं काम," म्हणाला. त्या आठवड्यात त्याने एकही पाना फेकला नाही, आणि शेजारच्या वेल्डरने विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

गाडी दिल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी बायको गॅरेजात आली. धावत आली होती, केस सुटलेले, धाप लागलेली.

"गाडी पुन्हा तशीच वाजतेय," ती म्हणाली. "मालक त्याला घेऊन निघालाय तुमच्याकडे. म्हणतो, पुन्हा ड्रायव्हरचंच नाव निघालं तर दोन्ही हात चाकाखाली ठेवून गाडी पुढे घेणार. माझ्यासमोर म्हणाला."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"अकरा वर्षं काढली मी तुमच्याबरोबर. गाडी चालवल्याशिवाय तुम्ही तोंड उघडत नाही. त्या दिवशी चालवली होती?"

"नाही."

"डबा उघडलात तेव्हा काय होतं आत?"

"काही नव्हतं. दात शाबूत होते."

तिने टेबलावरची टॉमी उचलली. पहिला फटका चहाच्या ग्लासांवर, दुसरा ट्यूबलाइटवर, तिसरा मिस्त्री दाढी करायचा त्या आरशावर. काचा पार रस्त्यापर्यंत उडाल्या. मिस्त्री भिंतीला चिकटला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोच्यांच्या बाजूला तो उभा होता.

"चौथा तुमच्या टाळक्यात घालणार होते," ती म्हणाली, "पण आज ते टाळकं मला शाबूत पाहिजे. माझ्या भावाला लागणार आहे." आणि टॉमी खाली टाकून ती दारात जाऊन उभी राहिली.

ट्रक आला. मालक उतरला, त्याची दोन माणसं उतरली, शेवटी मेव्हणा. फळी अजून हाताला होती, बोटं वांग्यासारखी सुजलेली. त्याने मिस्त्रीकडे बघितलंही नाही.

मिस्त्रीने आधी चारही चाकं जॅकवर घेतली, दांडा टाकला, इंजिन चालू करून गिअरमध्ये सोडलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डबा ऐकला, पुढचं हौसिंग ऐकलं, मागचं ऐकलं. गाडी गरीब गायीसारखी गप्प. चाकं हवेत गरगर फिरत होती आणि कण्हणं नाही, काही नाही.

मालक हसला. "गाडी तर चांगली आहे की. म्हणजे वाजवतो तो हाच." त्याने मान हलवली. दोघांनी मेव्हण्याला बखोटीला धरून गुडघ्यावर पाडलं. मिस्त्रीची बायको मध्ये पडली तर तिला ढकलून दिलं. ती काचांवर पडली, तळहात फाटला. जॅक उतरवला, आणि मेव्हण्याचे दोन्ही हात पुढच्या चाकासमोर जमिनीवर दाबले.

"थांबा!" मिस्त्री ओरडला. "गाडी अजून मी रस्त्यावर ऐकलेली नाही. आणि ड्रायव्हर नको. मालक, तुम्ही स्वतः चालवा."

मेव्हण्याला चाकासमोरून बाजूला ओढलं आणि मालक चालवायला बसला. आपल्याला कोण काय दाखवतंय, अशी त्याची मिजास. मिस्त्री केबिनमध्ये मधल्या दांड्यापाशी फळीवर आडवा झाला, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक खालच्या डब्याला. सरळ, सपाट, कडक रस्ता. दांडा टाकला. शंभर पावलांतच कण्हणं सुरू झालं. एकही वळण नाही, आणि पीळ मात्र वाढतच चाललेला. आत कुणाचा तरी हात मुरगळत न्यावा तसा. गाडी थांबवून दांडा काढला. कडाक्! मालकसुद्धा सीटवरून उडाला.

सरळ रस्त्यावर पीळ बसतो म्हणजे पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. मिस्त्री खाली उतरला आणि इतके दिवस समोर असलेली गोष्ट त्याला आज दिसली. चारही टायरांचा नंबर एकच. पण मागच्या चाकांवर नवं रबर चढवलेलं, चांगलं दोन बोटं जाड, आणि पुढच्यांना पार टक्कल पडलेलं. गाडी चालवून तिच्याभोवती एकदा फेरी मारली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्याला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तो रस्त्यावर थुंकला.

"खडू दे," परत आल्यावर तो बायकोला म्हणाला. तिने रक्ताळलेल्या हातानेच दिला.

गॅरेजासमोर गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली. चारही चाकांवर, जमिनीला टेकतात तिथे, एकेक पांढरी रेघ. "ढकला," तो रस्त्यावरच्या लोकांना म्हणाला, "आणि मागच्या चाकाचे फेरे मोठ्याने मोजा." वेल्डर आला, समोरचा चहावाला आला, रस्त्यावरचे दहा-बारा जण जमले. एक. दोन. तीन. पुढे पुढे सगळेच मोजायला लागले. गुडघ्यावर बसलेला मेव्हणासुद्धा मोजत होता. दहा! मागच्या दोन्ही रेघा बरोबर जमिनीला टेकल्या. पुढच्या दोन्ही जमीन सोडून मागच्या बाजूने वर चढल्या होत्या. दहा फेरे आणि वर पाव.

कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रेघा सगळ्यांना दिसत होत्या.

"मागे रबर कुणी चढवलं?" मिस्त्रीने विचारलं.

साऱ्या खाणीला माहीत होतं. मालकानेच चढवून आणलं होतं आणि आठ दिवस सगळ्यांना ठोकून ठोकून दाखवलं होतं. त्याच्याच एका माणसाने मेव्हण्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तो खाली बघत म्हणाला, "मालकांनी."

इथे मिस्त्री थांबला असता तरी चाललं असतं. पण तो थांबला नाही, आणि यासाठी मी त्याला मानतो. "अजून ऐका," तो म्हणाला. "पंधरा-वीस दिवसांपूर्वी मी गाडी न चालवता बोललो. याने मला मारलं होतं, त्याचा राग काढला. डबा उघडला तर दात शाबूत होते. तेही लपवलं, भीतीने. याची बोटं मालकाने मोडली, पण मोडायला लावली मी."

मालकाचं तोंड लालबुंद झालं. इतक्या माणसांत त्याची शोभा झाली होती आणि तो राग कुणाच्या तरी अंगावर पडणारच होता. काचांमध्ये पडलेली टॉमी त्याने उचलली आणि मिस्त्रीच्या उजव्या कानशिलावर घातली. एकच. मिस्त्रीने हात वर केला नव्हता.

पुढचं त्याने ऐकलं नाही, बघितलं. बायकोचं तोंड उघडलेलं, किंकाळीचा आवाज नाही. वेल्डर आणि चहावाला मालकावर तुटून पडलेले, आवाज नाही. मेव्हणा उजव्या हाताने मालकाला बुकलत होता, पुन्हा पुन्हा, नाकाचं रक्त शर्टावर येईपर्यंत, आणि मालकाची माणसं बाजूला उभी होती.

मालकाने नंतर चारही चाकांना सारखं रबर चढवून घेतलं, आवाज त्याच दिवशी थांबला. मेव्हण्याने खाण सोडली. मिस्त्री अकरा दिवस दवाखान्यात होता. पडदा फाटला होता, आतली हाडं जागची हलली होती. बायको अकराही दिवस उशाशी बसून होती. बाराव्या दिवशी तिने पाटीवर लिहून दाखवलं, "मी भावाकडेच राहणार." त्याने वाचलं आणि मान हलवली.

गॅरेज बंदच व्हायचं. पण एक दिवस दोन्ही हात गुंतलेले म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, आणि त्याचं टोक चालू इंजिनला टेकलं. सगळं डोकं वाजायला लागलं! टॅपेटची टिकटिक, बेअरिंगची घरघर, सगळं दातांतून आत. तो तिथेच रडला. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर दातांत. गिऱ्हाइकं परत आली. पाने उडायचे मात्र थांबले.

सहा महिन्यांनी मेव्हणा आला. लाकडं वाहणारा ट्रक होता, दुसऱ्या कुणाचा. हाही फोर व्हीलचा. उंबऱ्याच्या आत आला नाही. पाटीवर लिहिलं, "दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र होतं. नवा मालक विचारतोय."

मिस्त्रीने खडूच्या रेघा मारून दहा फेरे मोजले. बरोबर जुळले. चारही चाकं वर घेतली, तेल बघितलं, क्लच बघितला. स्वतः गावाबाहेर फिरवून आणली. दुसरा गिअर लोण्यासारखा पडत होता. मग त्याने मेव्हण्याला वर बसवलं, स्वतः खाली शिरला, टोक गिअरबॉक्सला लावून स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि हाताने पत्रा ठोकून खूण केली. टाक. टक, कर्र, टक. पुन्हा टाक. टक, कर्र, टक. दांडा एका दमात जात नव्हता. अर्ध्यात सुटत होता.

तो बाहेर आला, पायरीवर चढला आणि खिडकीतून बघितलं. डाव्या हाताची तीन बोटं ताठ, वाकडी. दांड्याची गुळगुळीत गोळी त्यांच्यातून निसटत होती.

आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, अशा थाटात तो आता ओरडूनच बोले. सगळ्या रस्त्याने ऐकलं. "गाडीत काही बिघाड नाही! तुझी बोटं दांडा धरत नाहीत. तो बिघाड मी केलाय. मालकाला माझं नाव सांग."

मेव्हणा समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. उतरला मात्र नाही.

मिस्त्रीने पत्र्याचे पोचे भरायची पुट्टी कालवली आणि मोठा गोळा दांड्याच्या टोकावर थापला. मेव्हण्याचा डावा हात धरून त्याभोवती बसवला, ती तीन बोटं जशी वाकत होती तशीच, आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरला. पुट्टी घट्ट होताना तापते. ती तापून पुन्हा निवेपर्यंत त्याने तो हात सोडला नाही, आणि मेव्हण्यानेही ओढून घेतला नाही. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

मग मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरला आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरला.

टक. एकच.

त्याने खालून ओरडून सांगितलं, "पुन्हा टाक." मेव्हण्याने पुन्हा टाकला. "पुन्हा टाक." चहावाल्याला वाटलं, काम झालं तरी मिस्त्री बाहेर का येत नाही? गाडीखालून नुसते त्याचे पाय दिसत होते.